प्रभुभोजनाआधीचं आत्मपरीक्षण : सुरुवात कुठून, क्रम कोणता आणि चुकतं कुठे

प्रभुभोजन म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याच्या तयारीच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणतात, "आता प्रत्येकाने आपापली परीक्षा करावी," आणि सगळं चर्च मिनिटभर डोळे मिटून बसतं. त्या मिनिटात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं पाप येतच नाही. चर्चच्या पंच कमिटीत आवाज चढवलेला माणूस येतो, दोन बाक सोडून बसलेली जाऊ येते, नाहीतर वडिलांची जागा एकट्याच्या नावावर करून घेतलेला भाऊ. डोळे उघडेपर्यंत त्यांची परीक्षा पुरी झालेली असते आणि ते नापास झालेले असतात. मग आपण उठून भाकर घेतो.

सांगली-मिरजेकडे काय किंवा साताऱ्याकडे काय, मंडळ्यांमध्ये पश्चात्तापावर उपदेश भरपूर होतात. करायचं कसं, हे मात्र कोणी हाताला धरून सांगत नाही. त्यामुळे काही जण नुसतं वाईट वाटून घेतात आणि त्यालाच पश्चात्ताप समजतात. काही जण "प्रभू, माझी सर्व पापं क्षमा कर" एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षं भागवतात. ज्याचे पैसे बुडवले त्याला सोडून फक्त देवाची माफी मागणारेही काही थोडे नाहीत. खाली जो क्रम दिला आहे तो पवित्र शास्त्रातूनच घेतलेला आहे. तो उलटासुलटा केला की फसतो, म्हणून क्रमावर जोर.

आधी तयारी

प्रभुभोजन रविवारी असेल तर सुरुवात आदल्या सोमवारी करा. शनिवारी रात्री बसलात तर पाचव्या टप्प्याच्या पुढे जाणार नाही, कारण सहाव्या टप्प्यात माणसांकडे जावं लागतं आणि माणसं शनिवारी रात्री मोकळी नसतात.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, करणार असाल तर आणखी एक अडचण धरून चाला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून ४० दिवस असतात आणि ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पडतात. तासगाव-मिरज भागात तेव्हाच द्राक्षं उतरतात, बेदाण्याची शेड चालू असते, घरात कोणी जागेवर नसतं. "हंगाम उरकू दे, मग बघू" म्हणणाऱ्यांचं शुभ शुक्रवारपर्यंत काहीच होत नाही. उलट हंगामातच बसा. मजुरांचे हिशेब, व्यापाऱ्याशी बोललेले शब्द आणि भावाभावांतली धुसफूस ताजी असते, आठवावी लागत नाही.

जागा लहान घरात मिळत नाही हे खरं आहे. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीचा अर्धा तास बघा, किंवा दुपारी चर्च उघडून मिळेल का ते विचारा. बहुतेक ठिकाणी किल्ली कोणाकडे तरी असतेच. सोबत पवित्र शास्त्र, सुटे कागद आणि पेन. वही नको, वही कोणाच्याही हाती लागते. मोबाईलवर तर मुळीच लिहू नका. एक तर मधेच मेसेज येतो, दुसरं म्हणजे जे लिहिणार आहात ते चुकून कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं तर नवीनच पश्चात्तापाची वेळ येईल.

वाचनासाठी चार खुणा घालून ठेवा : निर्गम २०, स्तोत्र ५१, स्तोत्र १३९ आणि मत्तय ५ ते ७.

टप्पा १ : तक्रारींचा कागद

हा टप्पा वाचून काहींना धक्का बसेल. पहिल्या कागदावर स्वतःची पापं लिहायचीच नाहीत. ज्यांच्यावर राग आहे त्यांची नावं लिहायची आणि प्रत्येकापुढे त्याने काय केलं ते एका ओळीत. मोकळेपणाने लिहा, सभ्य शब्द शोधत बसू नका. "वहिनी माझ्या मुलांना सगळ्यांसमोर टाकून बोलते." "सेक्रेटरी मंडळीच्या पैशाचा हिशेब दाखवत नाही." दहा मिनिटं पुरतात.

कारण साधं आहे. ही माणसं मनात बसलेलीच आहेत. त्यांना दाराबाहेर थांबा म्हटलं तरी ती प्रार्थनेत घुसतात. त्यापेक्षा कागदावर उतरवून ठेवलेली बरी. शिवाय हा कागद तिसऱ्या टप्प्यात लागणार आहे. आता तो घडी घालून पवित्र शास्त्राच्या मागच्या बाजूला ठेवा.

इशारा. या कागदावर मारहाण, लैंगिक छळ, मुलांवरचा अत्याचार किंवा जिवाची भीती असं काही उतरलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ते "दुसऱ्याचा न्याय करणं" होत नाही. आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस आणि गरज असेल तिथे पोलीस. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदत क्रमांक आहेत. मार खाणाऱ्या बाईला "आधी स्वतःची परीक्षा कर" असं सांगणारे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांनी मत्तयाचा सातवा अध्याय, "न्याय करू नका" सांगणारा, चुकीच्या माणसापुढे उघडलेला असतो.

टप्पा २ : प्रकाश मागणं

इथे प्रार्थना छोटी हवी. स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन वचनांत दावीद राजा देवालाच म्हणतो की तू मला पारख, माझं मन जाण, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते पाहा. पारखणारा देव आहे, आपण फक्त दार उघडून देतो. यिर्मया १७ सांगतो की माणसाचं मन सगळ्यांत कपटी आहे. स्वतःच्या मनाला साक्षीदार आणि न्यायाधीश दोन्ही केलं तर निकाल ठरलेलाच.

लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, इथेच घसरला. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा उपास करत होता, दशमांश देत होता. फक्त मोजायला त्याने शेजारी उभा असलेला जकातदार घेतला. जकातदाराने शेजारी कोण आहे ते पाहिलंच नाही, आणि नीतिमान ठरून तोच घरी गेला.

तपासणी. प्रार्थनेत दुसऱ्या कोणाचं नाव आलं का? "प्रभू, अमक्यालाही सुबुद्धी दे" हेही नाव आलं असंच धरा. आलं असेल तर पहिल्यापासून.

टप्पा ३ : आज्ञांवरून एकेक तपास

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, दोन-तीन बैठका लागल्या तरी चालतील. "मी पापी आहे" हे वाक्य म्हणायला कोणालाच जड जात नाही, कारण त्यात काहीच नसतं. निर्गम २० उघडून एकेका आज्ञेपुढे थांबायचं आणि दोन प्रश्न विचारायचे : जे करू नको म्हटलं ते मी कुठे केलं, आणि त्या आज्ञेत जे करायला हवं ते मी कुठे केलं नाही? दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. याकोब ४:१७ तर स्पष्टच आहे, चांगलं करायचं कळत असून न करणाऱ्याला ते पाप आहे.

(आज्ञांचे क्रमांक प्रॉटेस्टंट मोजणीप्रमाणे देतो. कॅथलिक मोजणीत आईबापांची आज्ञा चौथी येते आणि पुढचे आकडे एकेकाने मागे सरकतात.)

काही आज्ञांपुढे लोक पटकन पुढे जातात, म्हणून त्यांच्यावर थोडं.

*पाचवी, आईबापांचा मान.* वृद्ध आईला तीन भावांकडे चार-चार महिने फिरवणाऱ्या घरांनी इथे थांबावं. पाळी लावण्यात पाप नाही. पण पाळी संपल्याच्या दिवशी तिची पिशवी उंबऱ्यावर आणून ठेवली होती का? औषधाच्या बिलावरून तिच्या देखत वाद घातला होता का?

*सहावी, खून करू नको.* "हे तर आपलं नाही" म्हणून पान उलटू नका. मत्तय ५ मध्ये प्रभू ही आज्ञा रागापर्यंत आणि तोंडातल्या शिवीपर्यंत नेतो. मिरजेत कितीतरी ख्रिस्ती घरांत नर्स, वॉर्डबॉय, लॅबवाले आहेत. रात्रीच्या ड्यूटीत तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या खेड्यातल्या नातेवाइकाला तुम्ही काय म्हणालात? दमलेले होता हे मान्य. शब्द काय होते तेवढंच लिहा.

*आठवी, चोरी.* कपाट फोडणं एवढाच अर्थ घेतला तर सगळेच सुटतात. बागेत विरळणीला आलेल्या बायकांची हजेरी अर्ध्या दिवसाने कापली, मुकादमाची उचल दोनदा वळती केली, मजुरी "पुढच्या बाजाराला देतो" म्हणत तीन बाजार लांबवली, हे सगळं इथे येतं. लेवीय १९:१३ मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवून घेऊ देत नाही. याकोब ५:४ म्हणतं की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. ऑफिसात सही करून बाहेर चहाला घालवलेला तास, मंडळीच्या कामाला घेतलेल्या रकमेतून वापरलेलं पेट्रोल, हेही याच रकान्यात.

*नववी, खोटी साक्ष.* आमच्याकडे हिचं सगळ्यात जास्त उल्लंघन प्रार्थनेच्या विनंतीतून होतं. "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, तुम्हाला ठाऊकच आहे काय झालंय ते." समोरच्याला ठाऊक नसतं. विचारतो, आणि मग कळतं. खरी गोष्टसुद्धा ज्याला सांगायची नव्हती त्याला सांगितली तर नाव जातंच. फॉरवर्ड केलेले मेसेज आणि स्क्रीनशॉट यांचीही नोंद करा.

आता तो घडी घातलेला कागद काढा. रोम २:१ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की ज्या बाबतीत तू दुसऱ्याला दोष लावतोस त्यात तू स्वतःलाच दोषी ठरवतोस, कारण तीच कामं तू करतोस. हे शब्दशः लावून पाहा. पहिल्या कागदावरच्या प्रत्येक ओळीतलं दुसऱ्याचं नाव झाका आणि तिथे "मी" घाला. "मी दुसऱ्याच्या मुलांना सगळ्यांसमोर टाकून बोलतो का?" "मी हिशेब दाखवायला टाळतो का?" सेक्रेटरीच्या हिशेबावर तावातावाने बोलणाऱ्याने घरात पगाराचा आकडा बायकोला कधी सांगितलेला नसतो, असं निघतं.

२ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा दावीदापुढे हेच करतो. गरिबाची एकुलती मेंढी कापून खाणाऱ्या श्रीमंताची गोष्ट ऐकून दावीद भडकतो, चौपट भरपाईची शिक्षाही सुनावतो. न्याय अगदी बरोबर होता, कायद्याला धरून होता. फक्त ज्याला त्याने मारवलं त्या उरीयाची बायको त्याच्याच वाड्यात होती.

प्रत्येक ओळ आपल्यावर उलटेलच असं नाही. काही ठिकाणी समोरच्याचीच चूक असते. ओढूनताणून स्वतःला दोष लावू नका. ती ओळ तशीच राहू द्या, आठव्या टप्प्यात तिचं काम आहे.

टप्पा ४ : नेमक्या वाक्यात मांडणं

तिसऱ्या टप्प्यातल्या नोंदी आता वाक्यांत लिहायच्या. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी हव्यात : मी काय केलं, कोणाला केलं, आणि त्याचं काय नुकसान झालं. मागच्या-पुढच्या कारणांना जागा नाही.

चालणार नाही : "माझ्याकडून भावकीत काही कमी-जास्त झालं."
चालेल : "बाबा गेल्यावर जागेच्या कागदावर ताईची सही घेतली तेव्हा मी तिला कागद वाचू दिला नाही. तिचा वाटा मी ठेवून घेतला."

"पण" हा शब्द शोधा आणि तिथून पुढचं सगळं खोडा. "मी बोललो, पण त्यानेच सुरुवात केली." पूर्णविराम "बोललो" नंतर. "परिस्थितीच तशी होती", "सगळेच करतात", "तेव्हा अक्कल नव्हती" ही "पण"चीच भावंडं आहेत. एदेनबागेत आदामाने बायकोकडे बोट दाखवलं, बायकोने सापाकडे. तेव्हापासून ही खोड आहे.

तपासणी. कागद मोठ्याने वाचा. एखाद्या वाक्याला आवाज खाली गेला, घाईत वाचलं गेलं, तर ते वाक्य अजून नीट लिहिलेलं नाही.

टप्पा ५ : देवापुढे कबुली

स्तोत्र ५१ सावकाश वाचा आणि मग आपला कागद त्याच सुरात देवापुढे वाचा. गुडघ्यावर, खुर्चीत, कसंही. रडू आलं नाही तर घाबरू नका, रडण्यावर काही अवलंबून नाही.

शेवट मात्र क्षमेने करायचा. १ योहान १:९ वाचा : आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी आहे, क्षमा करतो आणि शुद्ध करतो. हे वचन वाचल्याशिवाय उठू नका. आमच्याकडे कबुली देऊन तशाच जड मनाने उठायची सवय आहे, जणू दुःख जितकं लांबेल तितका पश्चात्ताप पक्का. पौल २ करिंथ ७:१० मध्ये दोन दुःखं वेगळी करतो, एक तारणाकडे नेणारं आणि एक मरणाकडे. प्रभूला पकडलं त्या एकाच रात्री त्याच्या शिष्यांपैकी यहूदाने विश्वासघात केला आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. पस्तावले दोघंही. यहूदा तर चांदीची तीस नाणीसुद्धा परत फेकून आला. पण तो याजकांकडे गेला आणि तिथून गळफासाकडे. पेत्र पुन्हा प्रभूकडे आला.

कॅथलिक वाचकांनी हा टप्पा फादरांकडे पापनिवेदनाला जाऊन करायचा असतो. कागद सोबत नेला तरी चालतो, नंतर तो फाडून टाकावा. तिथे बोललेलं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तशी सक्ती नाही, पण एखादं पाप वारंवार मानगुटीवर बसत असेल तर याकोब ५:१६ प्रमाणे एका विश्वासू माणसापुढे बोलून दाखवा. माणूस निवडताना एकच कसोटी : त्याने आजवर दुसऱ्या कोणाची गोष्ट तुमच्यापाशी आणलेली नसावी.

इशारा. काहींना तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करावीशी वाटतात, क्षमा झाली असं कधी वाटतच नाही, झोप आणि जेवण उडतं, जगू नये असे विचार येतात. अशा वेळी आणखी कठोर आत्मपरीक्षण करू नका, ते थांबवा. घरच्यांना सांगा, पाळकांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

टप्पा ६ : माणसाकडे जाणं आणि भरपाई

मत्तय ५:२३-२४ मधला क्रम अगदी रोखठोक आहे. अर्पण वेदीपाशी आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. बहुतेकांची गाडी याच स्टेशनात अडकते.

आधी कोणाकडे जायचं ते ठरवा. नियम असा की पाप जिथपर्यंत पोहोचलं तिथपर्यंतच कबुली जाते. मनातल्या मनात एखाद्याचा हेवा केला असेल तर ते देव आणि तुम्ही यांच्यात मिटलं. उगाच त्याच्या घरी जाऊन "मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार करायचो, मला माफ करा" म्हणू नका. तुम्ही हलके होऊन घरी याल आणि तो बिचारा रात्रभर विचार करत बसेल. उलट ग्रुपवर शंभर जणांपुढे कोणाचं नाव घेतलं असेल तर खासगीत माफी मागून भागत नाही, त्याच ग्रुपवर दुरुस्ती लिहावी लागते. विवाहाबाहेरचे संबंध किंवा कायद्याच्या कचाट्यात येणारी गोष्ट असेल तर जाण्याआधी पाळकांशी, गरज पडल्यास वकिलाशी बोला, कारण तिथे तिसऱ्याचं आयुष्य गुंतलेलं असतं.

वेळही बघा. नाताळात, लग्नघरात, मयताच्या तिसऱ्या दिवशी नको. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊनही जाऊ नका. पुडा हातात आला की समोरच्याला "जाऊ द्या हो, काय एवढं" म्हणावंच लागतं आणि तुमचं बोलणं गिळलं जातं.

बोलायचं काय? चौथ्या टप्प्यातलं वाक्यच.

"ताई, बाबांच्या जागेच्या कागदावर तुझी सही घेतली तेव्हा मी तुला कागद वाचू दिला नाही. जागा विकली, त्यातला तुझा वाटा मी ठेवून घेतला. ते माझं चुकलं. तो मला परत द्यायचा आहे. कसा देऊ ते तू सांग."

एवढंच. "काही चुकलं-माकलं असेल तर मोठ्या मनाने माफ कर" हे वाक्य निरोपसमारंभासाठी राखून ठेवा. त्यात चूकही तिनेच शोधायची आणि मोठं मनही तिनेच दाखवायचं.

जागेचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण ते घरोघर आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता गेले तर आईला एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलगा-मुलगी न पाहता सगळ्या मुलांत सारखं. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची आणि एक साडी नेसवून तिची बोळवण करायची, हा रिवाज आपण आजूबाजूच्यांइतकाच पाळतो. नीट समजून, राजीखुशीने सोडलेला हक्क वेगळा. ज्यांनी "माहेर तुटेल" या भीतीवर सही घेतली त्यांनी दस्त नोंदवलेला आहे म्हणून निवांत राहू नये. जागा अजून असेल तर तिचा हिस्सा नव्या नोंदणीकृत दस्ताने देता येतो. कोणता दस्त आणि मुद्रांक शुल्क किती, ते वकिलाला विचारा.

पैशांची भरपाई किती? गणना ५:७ प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. म्हणजे १०,००० रुपये अडकवले असतील तर १२,०००. लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं आणि अर्धी मालमत्ता गरिबांना; त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मुद्दलसुद्धा एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, लिहून द्या, आणि पहिला हप्ता त्याच दिवशी हातात ठेवा. ज्याचे पैसे होते तो वारला असेल तर वारसांना द्या. वारसही नसेल तर गणना ५:८ प्रमाणे ते परमेश्वराचे होतात. दानपेटीत टाकताना हे तुमचं अर्पण म्हणून मिरवू नका आणि पावतीही मागू नका.

सगळ्यात मोठी चूक इथे होते ती उत्तराची अपेक्षा. माफी मागितली म्हणजे समोरच्याने तिथल्या तिथे माफ करावं, एकत्र प्रार्थना व्हावी, चहा व्हावा, असं आपण धरून बसतो. बहीण दार लावून घेईल. कदाचित दहा वर्षांचं साचलेलं ऐकवेल आणि त्यातलं अर्धं खरं नसेल. ऐकून घ्या. खोडून काढायला गेलात की तुमचं काम तिच्या चुकीपाशी येऊन थांबलं. "प्रभूने क्षमा करायला सांगितलंय" हे वचन क्षमा मागणाऱ्याने उच्चारायचं नसतं.

तपासणी. बाहेर पडल्यावर मनात काय चाललंय? "मी तरी माझं काम केलं, तिनेच नाही ऐकलं" असं असेल तर तिचं नाव पुन्हा पहिल्या कागदावर गेलंय.

टप्पा ७ : भोजनाला बसणं

कबुलीचा कागद फाडून चुलीत घाला (तक्रारींचा पहिला कागद अजून लागणार आहे) आणि रविवारी जा. सगळं पूर्ण झालं नसेल तरी, जिथे जायचं तिथे निघाला असाल तर जा. "मी योग्य नाही" म्हणून वर्षानुवर्षं मागच्या बाकावरून उठून जाणारी माणसं मला ठाऊक आहेत. १ करिंथ ११:२८ मध्ये पौल म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. शेवट खाण्यात आहे. आणि तो कोणाला रागावला होता तेही वाचून पाहा. करिंथात खाते-पिते लोक आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. त्या धड्यातली परीक्षा शेजाऱ्याच्या ताटावरून सुरू होते.

जाणूनबुजून, ठरवून एखाद्याचं नुकसान चालूच ठेवायचं असेल, तर मात्र जाऊ नका. आधी पाळकांना भेटा.

टप्पा ८ : आता कुसळ

मत्तय ७ चा उपयोग बरेच लोक तोंड बंद करायला करतात : "न्याय करू नका, तुम्ही कोण सांगणारे?" पाचव्या वचनापर्यंत कोणी वाचत नाही. तिथे प्रभू म्हणतो की आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचंच आहे. मंडळीचा हिशेब दाखवला जात नसेल तर तो मागायलाच हवा, आणि तो प्रेमाने मागणं हे अजिबात न मागण्यापेक्षा अवघड आहे.

पहिल्या कागदावरच्या ज्या ओळी तुमच्यावर उलटल्या नाहीत त्यांच्यासाठी मत्तय १८:१५-१७ चा क्रम आहे. आधी एकट्याने, दोघंच असताना. व्हॉट्सअॅपवर नाही, वार्षिक सभेत नाही, त्याच्या मेव्हण्याकरवी निरोपही नाही. "सेक्रेटरीसाहेब, मार्चपासूनचा हिशेब मंडळीपुढे आलेला नाही. अडचण काय आहे? मी बसून मदत करू का?" गलती ६:१ मध्ये सौम्यतेने आणि स्वतःकडे लक्ष ठेवून सावरा असं सांगितलंय. म्हणून बोलताना आपला आवाज चढतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी या.

बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर एक-दोघांना बरोबर घेऊन जायचं, आणि त्यानंतरच मंडळीपुढे. हे एक-दोघे निवडताना आपले भाऊबंद, आपल्या गटाचे पंच किंवा त्या माणसाशी ज्यांचं आधीच वाकडं आहे असे लोक घेऊ नका. ज्याचं बोलणं त्याला पटू शकेल असा एक तरी हवा. त्यांना आधी सगळी कहाणी रंगवून सांगायची नाही. विषय काय आहे तेवढंच सांगा, बाकीचं ते तिथे दोन्ही बाजूंनी ऐकतील. आणि तिथे चूक तुमचीच निघाली, तर चौथ्या टप्प्यातल्यासारखं एक वाक्य तिथेच, त्या दोघांसमोर बोला.